तीन ताऱ्यांचे हातमोजे

२०१३ साली व्हॅलबर्गला हिवाळा लवकर आला. ऑक्टोबर संपायच्या आतच तळ्याच्या कडेनं बर्फाची साय धरली, आणि त्याच सुमाराला आर्डिस टॉलफसनच्या सुनेनं स्वतः शिवलेले हातमोजे इंटरनेटवर विकायला ठेवले.

मिनेसोटाच्या त्या कोपऱ्यातली माणसं बहुतेक नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. कष्टाला वाघ, पण बोलायला कंजूष, आणि कौतुक करायला तर फारच कंजूष. जेवण चांगलं झालं तर "वाईट नाही" म्हणायचं. अगदी बोटं चाटावीत असं झालं तर "बरं झालंय हं" म्हणून ताट पुढे करायचं. आर्डिसचा नवरा ऑर्व्हिल लग्नानंतर कित्येक वर्षांनी एकदा तिच्या ब्लूबेरी केकला म्हणाला होता, "हा चालेल." आणि त्यानं दुसरा तुकडा घेतला होता. ऑर्व्हिल गेला तरी तो दिवस आर्डिसनं दागिन्यासारखा जपून ठेवला होता. कधी फार एकटं वाटलं की ती तो काढून बघायची.

अशा घरात डेल्फीन सून म्हणून आली ती थेट दक्षिणेतल्या उबदार लुइझियानातून. कर्ट तिकडे बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकायला गेला होता, आणि इंजिनांबरोबर हिलाही घेऊन आला. पहिल्याच जेवणाला तिनं आर्डिसच्या हॉटडिशचा घास घेतला, डोळे मिटले आणि टेबलावर हात आपटला.

"मिस आर्डिस, देवाशपथ सांगते, असं काही मी जन्मात खाल्लं नाही!"

बटाटे, खिमा आणि डब्यातलं मश्रूम सूप, सगळं एकत्र भट्टीत भाजलेलं, एवढंच. आर्डिस लाजेनं लालबुंद झाली. उठून उगाच ओटा पुसायला लागली.

"आई, ती मनापासून म्हणतेय," कर्ट हसत म्हणाला.

"म्हणू दे की. मी कुठं काय म्हटलं?" आर्डिस म्हणाली.

डेल्फीनच्या माहेरी सासूला नुसत्या नावानं हाक मारत नसत, म्हणून 'मिस आर्डिस'. व्हॅलबर्गला ते आधी नाटकी वाटलं. मग सवय झाली. पुढे पुढे चर्चमध्ये दुसऱ्या कुणी नुसतं 'आर्डिस' म्हटलं की आर्डिसलाच काहीतरी कमी पडल्यासारखं वाटायला लागलं. हे अर्थात ती कुणाला बोलली नाही.

थंडीनं मात्र डेल्फीनला पार पिळून काढलं. पहिल्या हिवाळ्यात ती दारातून मोटारीपर्यंत जाताना रडायची. गावातल्या बायका म्हणायच्या, "लागेल सवय." डेल्फीन सवयीची वाट बघत बसली नाही. चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून तिनं लोकरी स्वेटर आणले, कढत पाण्यात धुऊन आटवले, आणि घट्ट झालेल्या त्या लोकरीचे हातमोजे शिवले. अंगठा वेगळा, चारही बोटं एका घरात, आत मऊ अस्तर, आणि मनगटावर लांबलचक बाही, कोटाच्या बाहीच्या आत कोपरापर्यंत जाणारी. फावड्यानं बर्फ लोटताना गार वारा शिरतो तो नेमका मनगटातून. साऱ्या गावानं जन्मभर ते सोसलं होतं, पण त्यावर काही करावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

२०१३ मध्ये कर्टला डेल्फीनच्या मामाकडून बोलावणं आलं. तिकडे बारा महिने पाणी वाहतं, बोटी चालतात, कामाला तोटा नाही. इथं तळं गोठलं की कर्टच्या हाताला काम नसायचं. नव्या वर्षापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. डेल्फीनला इथली थंडी नकोशी होती, पण चार वर्षांच्या लेकीला, ऑडेटला, आजीपासून तोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"नाताळपर्यंत बघू," ती आर्डिसला म्हणाली. "मोजे चालले तर हिवाळ्याची कमाई माझी आणि उन्हाळ्याची कर्टची. मग कुठं जायची गरज नाही. नाही चालले तर..."

"चालतील," आर्डिस म्हणाली. एवढं बोलणंही तिच्या मानानं बरंच होतं. ऑडेट रोज दुपारी तिच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून कणकेची माणसं करायची. ते स्टूल रिकामं दिसण्याची कल्पनाच तिला सहन होत नव्हती.

डेल्फीननं साइटवर थोडे पैसे भरून जाहिरात लावली. कुणी 'गरम हातमोजे' असं शोधलं की तिच्या मोज्यांचं चित्र वर यायचं, आणि चित्राखाली घेणाऱ्यांनी दिलेले तारे दिसायचे. सुरुवातीला तारे नव्हतेच, तरी थोड्या ऑर्डरी आल्या. मग एका रविवारी, प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी, डेल्फीन एका टेबलाशी आली. तिथं आर्डिस, वर्ना आणि लव्हॉन बसल्या होत्या. वर्ना स्कोगेन म्हणजे आर्डिसची शेजारीण आणि लहानपणापासूनची मैत्रीण. लव्हॉन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. तिघींनीही मोजे रीतसर साइटवरूनच घेतले होते, तेही आर्डिसच्या कॉम्प्युटरवरून, कारण बाकीच्या दोघींकडे कॉम्प्युटर नव्हता.

"तुम्ही दोन ओळी लिहाल का?" डेल्फीननं विचारलं. "खोटं काही नको. मनात असेल तेच लिहा. विकत घेणारी बाई हजार मैलांवर बसलेली असते. तिला लोकर चाचपून बघता येत नाही. तुमचे हात हेच तिचे हात."

तुमचे हात हेच तिचे हात, हे आर्डिसला नीट समजलं. गावातलं दुकान बंद झाल्यापासून ती सगळंच असं मागवायची, आणि मागवण्याआधी लोकांचे अभिप्राय शेजारणीच्या गप्पांसारखे वाचायची. आयडाहोच्या कुणा बाईनं लिहिलं होतं की या किटलीची मूठ तापते, म्हणून तिनं दुसरी किटली घेतली आणि त्या न पाहिलेल्या बाईला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. अशीच कुणीतरी आपलंही वाचील, या विचारानं ती थोडी खूशच होती.

मंगळवारी तिघी तिच्या स्वयंपाकघरात जमल्या. कॉफी झाली, खजुराच्या वड्या झाल्या. मग आर्डिस कॉम्प्युटरपुढे बसली.

"आधी तारे द्यायचे. पाचपैकी."

"पाच कुणाला देतात गं?" लव्हॉननं विचारलं.

"येशूला," वर्ना म्हणाली. "तेही ईस्टरला."

"थट्टा नको," आर्डिस म्हणाली. "मोजे छान आहेत तिचे."

"छान आहेतच की!" वर्ना म्हणाली. "मी परवा घातले ते काढलेच नाहीत. पत्तेसुद्धा मोजे घालून खेळले. पण म्हणून लगेच पाच? माझ्या लग्नाला मी पाच दिले नाहीत."

"चार देऊ या?" आर्डिस हळूच म्हणाली.

"तुझं आडनाव टॉलफसन, तिचं आडनाव टॉलफसन," लव्हॉन म्हणाली. "लोक म्हणतील, घरचीच ढोलकी वाजतेय. पोरीचंच हसं होईल."

"मग तीन," वर्ना म्हणाली. "तीन म्हणजे निम्म्याच्या वर. शाळेत मला निम्म्याच्या वर मिळाले तेव्हा बाबांनी आइस्क्रीम आणलं होतं."

तीन ठरले. वर्नानं सांगितलं, आर्डिसनं टाइप केलं: 'गरम आहेत. तक्रार नाही.' लव्हॉननं सांगितलं: 'शिवण उसवलेली नाही. अजून तरी.' शेवटी आर्डिसनं आपलं लिहिलं: 'मोजे बरे आहेत. यापेक्षा वाईट मोजे मी पाहिले आहेत.' पुन्हा वाचताना तिला वाटलं, दुसरं वाक्य जरा जास्तच झालं. पण राहू दिलं. सुनेसाठी एवढं धाडस करायला काय हरकत आहे, असं मनाशी म्हणाली.

बाहेरची माणसं मोठ्यानं बोलतात हे तिला ठाऊक होतं. त्यांचे पाच तारे वाचताना ती आपल्या हिशेबानं थोडं वजा करायची. तसंच आपलं वाचणारे थोडं मिळवून घेतील, असं ती धरून चालली होती. ताटलीत एक वडी उरली होती. शेवटची उचलणं म्हणजे हावरेपणा, म्हणून ती अर्थातच कुणी घेतली नाही. लव्हॉननं तिचे दोन भाग केले, वर्नानं एका भागाचे पुन्हा दोन, आणि शेवटचा कपटा तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यापासून ऑर्डरी आटल्या.

ती आली तेव्हाची डेल्फीन असती तर पायऱ्यांवरूनच ओरडत आली असती. पण एवढ्या वर्षांत गावानं तिलाही थोडं आपल्यासारखं केलं होतं. ती नेहमीसारखी यायची, ऑडेटला सोडायची, कॉफी प्यायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. आर्डिसला वाटलं, बाकी मुलखात अजून थंडी पडली नसेल, म्हणून मोजे खपत नसतील.

एक दिवस निघता निघता डेल्फीन दारात थांबली.

"मिस आर्डिस, एक विचारू? तुम्हाला ते मोजे खरंच आवडले का?"

आर्डिसचे हात भांड्यांच्या पाण्यात होते. तिच्या मनात आलं, सांगावं. सांगावं की ऑर्व्हिल गेल्यापासून बर्फ मीच लोटते, आणि यंदा पहिल्यांदाच घरात आल्यावर माझी बोटं दुखली नाहीत. पण एवढं लांबलचक वाक्य त्या स्वयंपाकघरात कधी कुणी बोललं नव्हतं.

"हो की," ती म्हणाली. "बरे आहेत."

डेल्फीननं मान हलवली. "बरं," म्हणाली, आणि दार हळूच लावून घेतलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला वर्ना विजेची रजई मागवायला आली. आर्डिसनं चित्रं दाखवायला सुरुवात केली.

"ही बघ, निळी आहे. तुला निळी हवी होती ना?"

"खाली किती तारे आहेत?"

"तीन."

"तीन?" वर्ना खुर्चीत मागे रेलली. "अगं, तीन ताऱ्यांची रजई मी कुत्र्याखालीसुद्धा घालणार नाही. पेटबिट घेईल! पुढची दाखव."

आर्डिसनं पुढची दाखवली नाही. तिचा हात तसाच राहिला. तिला आपली किटली आठवली, तवा आठवला, कमरेला शेकायची पिशवी आठवली. चारच्या खालचं तिनं स्वतः कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. त्या तीन ताऱ्यांमागे कुणी भलं माणूस असेल, त्याच्या बोलण्यात थोडं मिळवून घ्यावं, असं एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं.

"वर्ना, आपण डेल्फीनला किती दिले?"

वर्नानं डोक्याला हात लावला. मग एवढंच म्हणाली, "अरे देवा."

खरं तर दोन मैलांवर सून होती. कोट घालून जायचं आणि सांगायचं, पोरी, चुकलं आमचं. पण व्हॅलबर्गमध्ये असं तोंडावर जाऊन बोलत नसत. चूक झाली की गुपचूप निस्तरायची, मग त्या माणसाच्या दारात केक ठेवून यायचा. आर्डिसनं लव्हॉनला फोन केला. वर्नानं आपल्या उत्साहात चर्चच्या मंडळातल्या ज्या ज्या बायकांकडे ते मोजे होते त्या सगळ्यांना फोन केला. दुपारपर्यंत घर भरलं. ओट्यावर हॉटडिशची भांडी जमली, आणि बायका एकेक करून कॉम्प्युटरपुढे बसल्या.

"पाच दे. सगळ्यांनी पाच!"

"मी काय लिहू?"

"डेल्फीन बोलते तसं लिही."

"मग लिही, देवाशपथ, असं काही जन्मात घातलं नाही!"

हसून हसून लव्हॉनच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढं मोकळं बोलायची तिथं कुणाला सवय नव्हती. हळूहळू नुसते मोजे राहिले बाजूला आणि बायका आपापलं सांगायला लागल्या. कुणाच्या संधिवाताचं, कुणाच्या नवऱ्याचं, तो बर्फात भोक पाडून मासे धरत बसतो त्याचं. सगळ्यात शेवटी आर्डिस बसली. तिनं सगळ्यांना पलीकडच्या खोलीत पाठवलं आणि लिहिलं:

'मी जन्मभर इथे हिवाळे काढले. या मोज्यांत पहिल्यांदाच माझी बोटं घरी येईपर्यंत माझी राहिली. हे शिवणारी मुलगी जिथे बर्फ पडत नाही तिथून आली आहे. थंडी कुठून शिरते ते तिला आम्हा सगळ्यांपेक्षा नीट कळलं. ती आल्यापासून माझं घर गरम आहे. ती इथेच राहावी.'

दुसऱ्या दिवशी साइटनं डेल्फीनचं दुकान बंद केलं. एकाच घरातून, एकाच दुपारी, जुने तीनचे पाच झालेले आणि नवे सगळे पाच. साइटच्या यंत्राला हा सरळ सरळ खोटेपणा दिसला, आणि त्याच्या जागी कुणालाही तसंच वाटलं असतं. अभिप्राय पुसले गेले, जाहिरात उतरवली गेली. चौकशीअंती कळवू, असं उत्तर आलं. नाताळ तोंडावर होता. मोजे विकायचे तेच दिवस होते.

डेल्फीन त्या दुपारी आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली. दुकान बंद होण्याआधी प्रत्येक अभिप्रायाची एक प्रत तिच्या मेलवर येऊन पडली होती. तिच्या हातात फोन होता.

"हे बाकीचं राहू दे, ते मला कळलं," ती म्हणाली. "ही चेष्टा नव्हती, मदत होती, तेही कळलं. पण हे शेवटचं. हे तुम्ही लिहिलंत?"

आर्डिसनं मान हलवली.

"मनापासून?"

पुन्हा मान हलली.

"मग मिस आर्डिस, हे मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं तुम्हाला. या इथं, या दारात उभं राहून विचारलं होतं. मला हजार मैलांवरच्या बाईचं कौतुक नको होतं. तुम्ही सांगितलं असतंत ना, तर मोजे विकले गेले नसते तरी मी..."

तिनं नाक पुसलं. सांगायचं इतकं होतं की कुठलं टोक धरावं ते आर्डिसला कळेना. आयुष्यभर ज्या एका विषयावर तिथली माणसं न अडखळता बोलत आली, तोच तिच्या तोंडून बाहेर पडला.

"पुन्हा बर्फ येणार असं दिसतंय," आर्डिस म्हणाली. "कॉफी घेतेस?"

डेल्फीननं कॉफी घेतली. उभ्या उभ्याच घेतली, कप धुऊन ठेवला आणि गेली.

नवं वर्ष लागता लागता कर्टनं मामाला होकार कळवला. त्यानंतर साइटचं पत्र आलं: गैरसमज झाला होता, दुकान पुन्हा उघडायला हरकत नाही. तोवर शिवणयंत्र खोक्यात गेलं होतं. व्हॅलबर्गला पाहुणा निघाला की निरोप घेण्यातच तास जातो. आधी खुर्चीशी, मग दाराशी, मग अंगणात, मग मोटारीची काच खाली करून. त्या सकाळी तसं काही झालं नाही. कर्टनं आईला मिठी मारली, ऑडेटनं कणकेचा एक वाळलेला माणूस आजीच्या खिशात टाकला, आणि डेल्फीन म्हणाली, "थंडीत उभ्या राहू नका, मिस आर्डिस." गाडी वळली तरी आर्डिस रस्त्याच्या कडेला उभीच होती. हात वर केलेला, हातात ते मोजे.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वर्ना २०१८ च्या फेब्रुवारीत गेली. शवपेटीत तिच्या हातांत मोजे घालावेत असं तिनं सांगून ठेवलं होतं. त्या महिन्यात जमीन दगडासारखी असते, असं तिचं म्हणणं होतं. लव्हॉन फार्गोला मुलीकडे राहायला गेली आणि तिथल्या चर्चमध्ये कधीमधी ऑर्गन वाजवते. कर्टचं तिकडे स्वतःचं गॅरेज आहे. डेल्फीन एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. शिवणयंत्र आहे, पण त्यावर आता पडदे आणि शाळेतल्या मुलांच्या नाटकाचे पोशाख शिवले जातात. तिकडे मोजे कोण घालणार? ऑडेट उंच झाली आहे. आजीचं गोठलेलं तळं तिला आठवतं असं ती सांगते, पण बहुधा तिला ते फोटोंमुळेच आठवत असावं.

आर्डिस अजून त्याच घरात आहे. अजूनही सगळं इंटरनेटवरूनच मागवते आणि प्रत्येक गोष्टीवर अभिप्राय लिहिते. पण तिच्या अभिप्रायाचा आता कुणाला काडीचा उपयोग नाही, कारण ती सगळ्यालाच पाच तारे देते. गळक्या किटलीला पाच, वर्षाच्या आत विटलेल्या पडद्याला पाच. कुठल्या घरातल्या कुठल्या पोरीनं ते शिवलं असेल आणि कोण कुठे जायचं की राहायचं ते त्यावर ठरत असेल, कुणाला माहीत. आयडाहोच्या त्या बाईनं आर्डिसचा अभिप्राय वाचून काही घेतलं असेल तर ती नक्की फसली असेल.

डेल्फीन रविवारी फोन करते. गेल्या हिवाळ्यात बोलता बोलता तिनं विचारलं, "ते मोजे टिकलेत का हो अजून?"

मोजे ओट्यावर वाळत होते. एका अंगठ्याला आर्डिसनं दोनदा रफू केलं होतं, तळवा झिजून पातळ झाला होता. नवे कितीतरी मागवता आले असते. तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि अंगठ्याचं रफू बोटानं चाचपून बघितलं.

"हो," आर्डिस म्हणाली. "बरे आहेत."

"कळलं, मिस आर्डिस," डेल्फीन म्हणाली.

मग त्या दोघी हवापाण्याचं बोलत राहिल्या.